एकाच गजाला अडकलेले पाय : एस-२१ तुरुंगातल्या बेड्यांचं प्रकरण

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्हमधल्या तुओल स्लेंग संग्रहालयात, म्हणजे ख्मेर रूज राजवटीच्या एस-२१ या तुरुंगाच्या जागी, पायबेड्यांचे दोन प्रकार पाहायला मिळतात. आखूड गज मीटरभर लांबीचा, चार कैद्यांसाठी. लांब गज सुमारे ६ मीटरचा, आणि त्यावर २० ते ३० माणसं. रचना अगदी साधी आहे. वाकवलेली लोखंडी कडी घोट्याभोवती बसवायची, कडीच्या टोकांच्या भोकांतून गज सारायचा आणि गज टोकाशी पक्का करायचा. एकेका माणसासाठी वेगळं कुलूप लागत नाही. एक गज बसला की खोलीतली अख्खी रांग जखडली जाते, आणि तो निघाल्याशिवाय रांगेतल्या कुणाचाच पाय सुटत नाही. ख्मेर भाषेत बेडीला ख्नोह म्हणतात आणि साखळीला च्रवाक. कंबोडियातल्या एका पिढीने ही ख्नोह अंगावर भोगली आहे.

अंदमानच्या आठवणींमुळे मराठी वाचकाला दंडाबेडी ठाऊक आहे. तिच्यात एकाच कैद्याच्या दोन पायांमध्ये लोखंडी दांडा असतो, त्यामुळे पाय जवळ येत नाहीत, पण फेंगडत का होईना, माणूस चालू शकतो. एस-२१ मधला गज जमिनीवर आडवा पडलेला असे आणि माणूस त्याला दावणीला बांधलेल्या जनावरासारखा जोडलेला असे. चालण्याचा प्रश्नच नव्हता. उठून बसायलाही परवानगी मागावी लागे.

एस-२१ बद्दल बोलताना छळाच्या साधनांवर पुष्कळ बोललं जातं, आणि ते साहजिक आहे. विजेचे झटके, पाण्यात बुडवणं, नखं उपटणं, हे ऐकून कुणाचंही मन हलतं. पण छळ चौकशीच्या तासांपुरता असे, गज मात्र चोवीस तास चालू असे. त्याला रोज नवा हुकूम लागत नव्हता, मारणाऱ्याचा राग लागत नव्हता, कौशल्यही लागत नव्हतं. माझ्या मते या तुरुंगाचा खरा कणा तो गजच होता. न्यायालयात त्याचं काय झालं, न्यायाधीशांनी त्याला कोणता गुन्हा म्हटलं आणि कोणता म्हणायला नकार दिला, ते नीट पाहण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे.

शाळेचा तुरुंग

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज या कम्युनिस्ट पक्षाच्या फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या आणि काही दिवसांत शहर रिकामं करण्यात आलं. शाळा, बाजार, पैसा, पोस्ट, न्यायालयं, सगळं बंद. जानेवारी १९७६ च्या राज्यघटनेत लोकन्यायालयांचा उल्लेख होता, पण प्रत्यक्षात एकही न्यायालय चाललं नाही. म्हणजे पुढच्या काळात ज्यांना पकडलं गेलं, त्यांच्यापैकी एकालाही कोणत्याही न्यायाधीशासमोर उभं केलं गेलं नाही. या प्रकरणात ही गोष्ट सतत ध्यानात ठेवायला हवी.

शहरातल्या तुओल स्वाय प्रे या माध्यमिक शाळेत पक्षाच्या सुरक्षा विभागाचा मुख्य तुरुंग बसला. तीन मजली चार इमारती, मधे पटांगण, पटांगणात मुलांच्या कवायतीचे खांब. एस-२१ ऑक्टोबर १९७५ पासून पूर्ण चालू झाला. पहिला प्रमुख इन लॉर्न ऊर्फ नात. त्याचा दुय्यम काइंग गुएक एआव ऊर्फ दुच मार्च १९७६ मध्ये प्रमुख झाला आणि शेवटपर्यंत राहिला. दुच मूळचा काम्पाँग थोम प्रांतातला, पेशाने गणिताचा शिक्षक.

वर्गांचे तुरुंग कसे केले गेले ते आजही दिसतं. 'क' इमारतीत तळमजल्याच्या वर्गांत विटांच्या भिंती घालून जेमतेम ८० सेंटिमीटर रुंद आणि २ मीटर लांब कोठड्या केल्या, वरच्या मजल्यावर तशाच कोठड्या लाकडी फळ्यांच्या. प्रत्येक कोठडीत एक माणूस, साखळीने जमिनीला किंवा भिंतीला जोडलेला. मोठे वर्ग तसेच ठेवून तिथे लांब गज टाकले. 'अ' इमारतीत लोखंडी खाटा होत्या आणि वरच्या हुद्द्याच्या कैद्यांना खाटेलाच बेडीने अडकवत. वऱ्हांड्याला काटेरी तार लावली, कारण कुणी वरून उडी टाकून जीव दिला तर त्याचा कबुलीजबाब अपुरा राहणार होता.

इथे एका वेळी १,००० ते १,५०० कैदी असत. बहुतेकांचा मुक्काम दोन ते तीन महिन्यांचा. पुढे पुढे यातले फार मोठ्या संख्येने लोक ख्मेर रूजचेच होते: सैनिक, प्रांतातले अधिकारी, त्यांच्या बायका, मुलं, एस-२१ चे स्वतःचे कर्मचारीसुद्धा. काल ज्याने गज सारला, तो आज गजावर, असंही घडलं. परदेशी कैद्यांत व्हिएतनामी सर्वांत जास्त, आणि काही लाओ, थाई, अमेरिकन, ब्रिटिश, न्यूझीलंडचे, तसेच भारतीय आणि पाकिस्तानी वंशाचेही लोक होते.

गजावरचा दिवस

पहाटे साडेचारला कैद्यांना उठवत. कपडे उतरवून तपासणी होई. बेडी सैल झाली आहे का, कुणाजवळ खिळा, पेनचं टोक, तार असं काही लपलं आहे का, हे पाहायला. दिवसातून दोनदा चार-दोन चमचे तांदळाची पेज. झोपायला फरशी, ना चटई ना मच्छरदाणी. जागा कमी असल्यामुळे एका गजावरच्या कैद्यांचं डोकं एकीकडे, तर शेजारच्या गजावरच्यांचं उलट दिशेला. शेजाऱ्याशी बोलायला सक्त मनाई. कूस बदलायची तरी पहारेकऱ्याला विचारायचं, न विचारता हललं तर मार. शौचासाठी दारूगोळ्याचा रिकामा डबा रांगेतून पुढे सरकवला जाई, तोही परवानगी मिळाली तर. आंघोळ म्हणजे काही दिवसांनी एकदा बाहेरून रबरी नळीने खोलीभर पाणी मारणं. बेड्या त्या वेळीही काढल्या जात नसत.

पहारेकरी बहुतेक खेड्यांतून आणलेली पोरं होती, कितीतरी जण पंधरा ते एकोणीस वर्षांचे. हे वय लक्षात घेतलं की गजाचं काम कळतं. प्रशिक्षण नसलेली, स्वतःही घाबरलेली दोन-तीन पोरं पन्नास जाणत्या माणसांची खोली सांभाळू शकत होती. त्या माणसांत लढाया पाहिलेले सेनाधिकारी होते. त्यांना आवरायला मनुष्यबळ लागलं असतं, शिस्त लागली असती, कैद्यांशी काही ना काही बोलणं ठेवावं लागलं असतं. गजामुळे यातलं काहीच लागलं नाही. तुरुंग स्वस्तात चालला.

चित्रकार वान नाथ यांना डिसेंबर १९७७ च्या अखेरीस बाट्टांबांग प्रांतात पकडलं आणि जानेवारी १९७८ मध्ये एस-२१ मध्ये आणलं. २९ जून २००९ रोजी त्यांनी ख्मेर रूजच्या गुन्ह्यांसाठी स्थापन झालेल्या विशेष न्यायालयासमोर, दुचच्या खटल्यात, साक्ष दिली. त्या साक्षीत गजाचं जे वर्णन आलं, त्यावर टिप्पणी करण्याची माझी हिंमत होत नाही, म्हणून आशय फक्त सांगतो. भूक इतकी की दिव्याभोवतीचे किडे खाली पडले की कैदी ते झटकन उचलून तोंडात टाकत, पहारेकऱ्याची नजर चुकवून. त्याने पाहिलं तर मार बसे. रांगेतलं कुणी मेलं तर प्रेत लगेच उचललं जात नसे. त्याचा पाय त्याच गजात, आणि शेजारचे तिथेच पेज खात. आपण माणसासारखे उरलोच नव्हतो, असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. वान नाथ शांत स्वभावाचे, हळू बोलणारे. त्या दिवशी ते अनेकदा रडले.

मेलेला आणि जिवंत एकाच गजावर, ही केवळ क्रूर पहारेकऱ्याची करणी म्हणता येणार नाही. ती त्या रचनेतूनच येते. एकाला सोडवायचं तर सगळी रांग मोकळी करावी लागते आणि पहारेकऱ्यांची संख्या तेवढी नसते. म्हणून रात्री मेलेला माणूस सकाळच्या तपासणीपर्यंत तसाच.

गजावरून उठवलं जाण्याची कारणं मोजकी होती. एक चौकशी: डोळे बांधून, हातकड्या घालून. दुसरं कारण रक्त. काही कैद्यांना खाटेला बांधून त्यांचं सगळं रक्त काढून घेण्यात आलं. असे किमान १०० जण न्यायालयाने मान्य केले. तिसरं कारण रात्रीचा ट्रक. 'नव्या जागी नेतो' असं सांगून कैद्यांना शहराबाहेर सुमारे १५ किलोमीटरवरच्या चोएंग एकला नेत. तिथे खड्ड्याच्या काठावर बसवून मानेवर लोखंडी दांड्याने घाव घालत. ट्रकांबरोबर जाणारा पहारेकरी हिम हुई याने न्यायालयात ही पद्धत सांगितली. मारून झाल्यावर प्रेताच्या हातकड्या काढून घेत. त्या पुढच्या ट्रकसाठी लागत. १९८० मध्ये चोएंग एकच्या १२९ खड्ड्यांपैकी ८६ उकरले, तेव्हा ८,९८५ मृतदेहांचे अवशेष निघाले.

ज्यांचे पाय सुटले

गजावरून सुटून जगलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि ती का सुटली हे समजून घ्यायलाच हवं.

वान नाथ सुमारे महिनाभर गजावर होते. मग ख्मेर रूजचा प्रमुख पोल पोट याची चित्रं रंगवायला कुणीतरी हवं होतं. त्यांना उठवलं तेव्हा पायांत उभं राहण्याचं बळ उरलेलं नव्हतं. पुढे एका मृत्यूच्या यादीत त्यांचं नाव सापडलं, आणि त्यापुढे वापरासाठी ठेवून द्या अशा अर्थाची नोंद. बू मेंग हेही चित्रकार. पहारेकऱ्यांनी खोलीत येऊन चित्र कुणाला काढता येतं असं विचारलं, आणि त्यांनी फोटोवरून पोल पोटचं हुबेहूब चित्र काढून दाखवलं. चुम मे यांना ऑक्टोबर १९७८ मध्ये पकडलं. बारा दिवस आणि बारा रात्री त्यांचा छळ झाला, पायाची नखं उपटली, विजेचे झटके दिले, अमेरिकन आणि सोव्हिएत हेर असल्याचं कबूल कर म्हणून. ज्या संघटनांची नावं त्यांना विचारली जात होती, ती त्यांनी पूर्वी ऐकलेलीही नव्हती. ते वाचले कारण ते यंत्र दुरुस्त करणारे होते आणि तुरुंगातली शिवणयंत्रं बंद पडत होती.

तिघांनाही कुणी निर्दोष ठरवलं नव्हतं. कबुलीजबाब खरा की खोटा, याला तिथे किंमत नव्हती. दुचने न्यायालयात मान्य केलं की ते जबाब पूर्ण खरे आहेत असं त्यालाही वाटत नव्हतं, आणि एस-२१ मध्ये आलेल्या प्रत्येकाला ठार करायचं हेच धोरण होतं. पाय सुटण्याचं कारण एकच: हातांचा उपयोग. बू मेंग यांची पत्नी त्यांच्याबरोबरच पकडली गेली होती. आल्यादिवशी फोटो काढताना दोघं एकत्र होते, त्यानंतर त्यांनी तिला कधीच पाहिलं नाही. न्यायालयात त्यांनी दुचला एवढंच विचारलं की तिला कुठे मारलं. दुचपाशी नक्की उत्तर नव्हतं. चोएंग एकला मारलं असावं, असं तो म्हणाला.

हे आधी कुठे शिकले

एस-२१ मधली व्यवस्था १९७५ मध्ये अचानक उभी राहिली नाही. १९७१ ते १९७५ या काळात, यादवी चालू असताना, दुच काम्पाँग स्पू प्रांताच्या जंगलात एम-१३ हा तुरुंग चालवत होता. तिथे इमारत नव्हती. खड्डे होते, झोपड्या होत्या आणि बेड्या होत्या. फ्रेंच अभ्यासक फ्रांस्वा बिझो १९७१ मध्ये तिथे तीन महिने साखळीने बांधलेले होते. त्यांची सुटका दुचच्याच शिफारशीवरून झाली, त्यांच्या दोन कंबोडियन सहकाऱ्यांची झाली नाही. एप्रिल २००९ मध्ये साक्ष देताना बिझो यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या माणसाला राक्षस ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण आपण ज्याच्याशी बोललो तो विचार करणारा, कामावर निष्ठा असलेला माणूस होता, आणि त्यामुळेच त्याने केलेलं अधिक भयंकर आहे.

एम-१३ मधल्या खड्ड्यातून शाळेच्या वर्गात आल्यावर बदल झाला तो प्रमाणाचा आणि कागदाचा. प्रत्येक कैद्याचा फोटो, जीवनवृत्त, जबाब, रोजच्या याद्या. बेडीही या कागदपत्रांतलाच भाग होती, असं मी मानतो. माणूस जागचा हलला नाही तरच यादीतला क्रमांक, खोलीचा क्रमांक आणि गजावरची जागा जुळत राहते.

शेवटचे दिवस आणि आरोपीचा शोध

जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामी सैन्य शहरात आलं तेव्हा एस-२१ चे लोक घाईघाईने पळाले. व्हिएतनामी छायाचित्रकार हो व्हान ताय वासाच्या मागोमाग तिथे पोचले. 'अ' इमारतीत लोखंडी खाटांवर ताजी प्रेतं होती, पाय बेड्यांत. एकूण १४ जणांचे मृतदेह मिळाले आणि त्यांच्या पांढऱ्या समाध्या पटांगणात आहेत. फोटो त्या त्या खोलीत लावलेले आहेत, खाटाही तिथेच आहेत. पळणाऱ्यांना कागद जाळायलाही सवड मिळाली नाही. त्या कागदांमुळेच तीस वर्षांनी खटला उभा राहू शकला. हे दप्तर २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत घेतलं गेलं.

दुच नाव बदलून राहिला, पुन्हा शिकवू लागला, ख्रिस्ती झाला. १९९९ मध्ये आयरिश छायाचित्रकार निक डनलॉप यांनी त्याला ओळखलं. मे १९९९ मध्ये कंबोडियाच्या लष्करी न्यायालयाने त्याला अटकेत ठेवलं आणि जुलै २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाच्या ताब्यात दिलं. फेब्रुवारी २००८ मध्ये तपास न्यायाधीशांनी त्याला चोएंग एक आणि तुओल स्लेंग इथे नेलं तेव्हा तो रडला. मार्च २००९ च्या अखेरीस मुख्य सुनावणी सुरू झाली. त्याने जबाबदारी मान्य केली, माफी मागितली, आणि नोव्हेंबरात शेवटच्या दिवशी सुटकेची मागणी केली. त्या मागणीने पीडितांच्या मनातला त्याच्या माफीवरचा उरलासुरला विश्वास संपला.

दुचच्या म्हणण्याप्रमाणे तो कोठड्यांकडे सहसा फिरकत नसे, कारण ते पाहणं त्याला सहन होत नव्हतं. हे खरं धरलं तरी त्याच्याविरुद्धच जातं. गज असल्यावर प्रमुखाला खोलीत जावंच लागत नाही. सही करायची आणि कार्यालयात बसायचं.

न्यायालयाने बेडीला काय म्हटलं

२६ जुलै २०१० रोजी निकाल लागला. किमान १२,२७२ बळी सिद्ध झाल्याचं न्यायालयाने नोंदवलं. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि १९४९ च्या जिनिव्हा करारांचा गंभीर भंग यांसाठी दुचला ३५ वर्षांची शिक्षा झाली. लष्करी न्यायालयाने त्याला बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल त्यातून ५ वर्षं वजा झाली.

बेडी या निकालात कुठे बसते? छळाच्या कलमात ती नाही, निदान मुख्यतः नाही. पायात बेड्या व साखळ्या, बाहेर नेताना डोळे बांधणं आणि हातकड्या, कोंदट जागा, उपासमार, औषधपाण्याचा अभाव, मारहाण, या सगळ्याला एकत्र धरून न्यायालयाने 'इतर अमानुष कृत्यं' या गुन्ह्याखाली घेतलं. चौकशीतले अत्याचार छळ या गुन्ह्याखाली गेले. कायद्याच्या दृष्टीने ही विभागणी बरोबर आहे, कारण छळाच्या व्याख्येत माहिती काढणं, शिक्षा देणं असा हेतू लागतो. पण 'इतर' हा शब्द मला खटकत राहतो. ज्या कैद्याची एक-दोनदाच चौकशी झाली, त्याने उरलेले दोन महिने गजावर काढले. त्याच्या वेदनेचा फार मोठा हिस्सा या 'इतर' मध्ये गेला.

खरा वाद अपिलात झाला, आणि या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. खालच्या न्यायपीठाने गुलामगिरीचा गुन्हाही सिद्ध मानला होता, मात्र फक्त ज्यांच्याकडून सक्तीने काम करून घेतलं त्यांच्याबाबत. यात मुख्यतः शहराबाहेर प्रे सार इथल्या एस-२४ या शेतछावणीतले कैदी येत. ते बहुतेक मोकळ्या पायांनी शेतात राबत. सरकारी पक्षाने अपिलात म्हटलं की एस-२१ मधला प्रत्येक कैदी गुलाम होता. ज्या माणसाला हलायला, बोलायला, शौचाला दुसऱ्याची परवानगी लागते, ज्याच्या शरीरावर, रक्तावर, मृत्यूच्या तारखेवर दुसऱ्याचा पूर्ण ताबा आहे, त्याला गुलाम म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं?

३ फेब्रुवारी २०१२ च्या अंतिम निकालात सर्वोच्च न्यायपीठाने हा मुद्दा फेटाळला. गुलामगिरीत नुसता ताबा पुरत नाही, माणसाला मालमत्तेसारखं वापरून त्याच्यापासून काही लाभ काढण्याचा उद्देश लागतो. एस-२१ च्या बहुतेक कैद्यांवरचा ताबा हा लाभासाठी नव्हता, त्यांना संपवण्यासाठी होता. म्हणून ते इतर भीषण गुन्ह्यांचे बळी ठरतात, गुलामगिरीचे नाही.

पहिल्यांदा वाचताना हा तर्क संताप आणतो. बेडी ही गुलामगिरीची सर्वांत जुनी खूण, आणि ज्यांच्या पायांत ती रात्रंदिवस होती तेच गुलाम नाहीत, मोकळ्या पायांनी नांगर धरणारे मात्र गुलाम! पण वान नाथ, बू मेंग आणि चुम मे यांची हकीकत शेजारी ठेवली की न्यायाधीशांनी काय पाहिलं ते दिसतं. एस-२१ मध्ये काम मिळणं म्हणजे पाय सुटणं होतं. ज्याचा काही उपयोग उरला होता त्याला गजावरून उठवत. गजावर ठेवलेला माणूस त्या व्यवस्थेच्या लेखी बिनउपयोगी ठरून चुकला होता, फक्त त्याचा जबाब पुरा व्हायचा होता. त्यामुळे न्यायपीठाचा निष्कर्ष मला पटतो. पटत नाही ते हे, की त्या अवस्थेला स्वतःचं नाव देण्याची संधी असताना ती 'इतर' मध्येच राहिली. पुढच्या एखाद्या खटल्यात कुणाला तरी हा प्रश्न पुन्हा हाताळावा लागेल.

याच निकालात दुचची शिक्षा वाढवून जन्मठेप करण्यात आली आणि ५ वर्षांची सूटही गेली. चुम मे यांच्यासाठी हे समाधान होतं. २०१० मध्ये दुचला भोगायची उरलेली वर्षं १९ आहेत हे कळल्यावर, आपण दुसऱ्यांदा बळी ठरलो असं ते उघड म्हणाले होते. वान नाथ यांना हा अंतिम निकाल पाहायला मिळाला नाही. ते ५ सप्टेंबर २०११ रोजी गेले.

त्याच वर्षी दिल्लीत

वान नाथ एस-२१ मध्ये होते त्याच वर्षी, ३० ऑगस्ट १९७८ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्याचा निकाल दिला. त्याबरोबर तिहारमधल्या चार्ल्स शोभराजचा अर्ज होता. १९७६ पासून त्याच्या पायांत रात्रंदिवस दंडाबेडी होती. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठावर पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड सरन्यायाधीश होते. १८९४ च्या तुरुंग कायद्यातलं बेडीचं कलम न्यायालयाने रद्द केलं नाही, पण अधीक्षकाच्या मर्जीवर, कारण न नोंदवता, मुदत न ठरवता बेडी घालता येणार नाही असं बजावलं. शोभराज काही सहानुभूतीचा धनी नव्हता. तरीही त्याच्या बेडीचं कारण विचारणारं कुणीतरी होतं, आणि तुरुंगाधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागलं.

दोन देशांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. आपल्याकडच्या बेड्यांचा इतिहासही लांबचलांब आहे. पण बेडी वर्षभर, दोन वर्षं राहते ती कशामुळे, हे या शेजारच्या प्रकरणातून स्पष्ट होतं. लोखंड दोन्हीकडे होतं. एकीकडे तुरुंगाबाहेरून अर्ज ऐकणारा माणूस होता, दुसरीकडे तसा एकही माणूस शिल्लक ठेवलेला नव्हता.

नंतर

कैद्यांना साखळ्या आणि लोखंडी बेड्या घालू नयेत हे संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांतही होतं. म्हणजे एस-२१ उभा राहिला तेव्हा हा नियम वीस वर्षांचा होता. २०१५ मध्ये नेल्सन मंडेला यांच्या नावाने ते नियम नव्याने मांडले गेले. त्यातल्या ४७ व्या नियमात साखळ्या, बेड्या आणि जात्याच अपमानकारक किंवा वेदनादायी अशा बंधनांवर बंदी आहे. इतर बंधनं वापरायचीच तर कायद्याच्या आधाराने, आणि धोका संपताच काढून टाकायची.

पीडितांना नुकसानभरपाईत पैसा मिळाला नाही. न्यायालयाने मान्य केलेल्या पीडितांची आणि त्यांच्या गेलेल्या आप्तांची नावं निकालपत्रात छापली आणि दुचची माफीची विधानं एकत्र करून प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, एवढंच. स्मारकं, औषधोपचार, मुलांचं शिक्षण या मागण्या मंजूर झाल्या नाहीत. चुम मे आणि बू मेंग पुढे कितीतरी वर्षं तुओल स्लेंगच्या पटांगणात बसून आपल्या आयुष्यावरची पुस्तकं विकत राहिले आणि येणाऱ्यांना बेड्या कशा बसवत ते समजावून सांगत राहिले. हे काम राज्याने किंवा न्यायालयाने त्यांच्यावर सोडायला नको होतं.

दुच २ सप्टेंबर २०२० रोजी, ७७ व्या वर्षी, शिक्षा भोगत असताना मरण पावला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने तुओल स्लेंग, चोएंग एक आणि एम-१३ या तीन जागा मिळून जागतिक वारसा यादीत घेतल्या. पहिल्या दोन ठिकाणी बेड्या, खाटा, कवट्या आणि कागद आहेत. एम-१३ ला दाखवण्यासारखं जवळपास काहीच उरलेलं नाही, तरी ती यादीत आली हे मला सर्वांत योग्य वाटतं, कारण दुच आणि त्याची माणसं हे काम तिथे शिकली.